गाळाचे राखणदार

धाराशिवकरांना समुद्री गवताशी काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर त्याला तेरला न्यावे. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. येथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. आज तेरणा समुद्राकडे नेते तो गाळ. आधी मांजरेत, मग गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे. त्यातला बराचसा वाटेतल्या धरणांतच बसतो. तो किती कसदार असतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली ती त्या कसाच्याही भरवशावर.

धरणात पाणी थांबते म्हणून गाळ बसतो. किनाऱ्यावर पाणी थांबत नाही. तेथे गाळ धरायला कोणीतरी लागते, आणि उथळ पाण्यात ते काम समुद्री गवत करते. हे शेवाळ नव्हे; मुळे, खोड, फूल, बी असलेली ही खरीखुरी वनस्पती आहे. कोकण-गोव्याच्या खाड्यांतल्या चिखलात वाढणारी ‘हॅलोफिला बेकारी’ ही जात तर इतकी ठेंगणी, की पाहणाऱ्याला ती चिखलावरची हिरवी बुरशी वाटावी.

पात्यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो. बारीक कण खाली बसतात आणि त्यांना चिकटलेले नत्र-स्फुरदही बसते. पण खरी गंमत मुळांपाशी आहे. चिखलात थोडे खाली गेले की प्राणवायू संपतो. तेथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा, मुळांना विषारी असा वायू सोडतात. गवत दिवसा तयार केलेला प्राणवायू आपल्या पोकळ नळ्यांतून मुळांकडे पाठवते. मुळाभोवतीचे विष त्याने मारले जाते, लोहावर गंज चढतो आणि तो गंज स्फुरदाला घट्ट धरतो. नत्राची सोयही तेथेच होते. तुरीच्या मुळांवर गाठी असतात, तशा येथे नसतात. पण हवेतून पाण्यात विरघळलेले नत्र स्थिर करणारे जिवाणू या मुळांच्या आसपास राहतात. झाड मातीतून फक्त घेते, हा आपला समज येथे टिकत नाही. हे गवत घेते, साठवते आणि मातीची रसायनेच बदलते.

म्हणूनच त्याचे मरण महाग पडते. शेतातले खत आणि गावाचे सांडपाणी खाडीत फार उतरले, तर पात्यांवर शेवाळ माजते आणि ऊन अडते. उपाशी गवताकडून मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. मग गंज विरघळतो, धरलेले स्फुरद सुटून पाण्यात येते आणि त्यावर आणखी शेवाळ पोसते. बाहेरचे खत थांबवले तरी हे चक्र लगेच थांबत नाही, कारण आता खत तळातूनच येत असते.

धरणातला गाळ उपसला तर शेताचे भले होते. गवताखालचा गाळ ड्रेजरने किंवा तळ खरवडणाऱ्या जाळ्याने उकरला, तर वर्षानुवर्षे मिटलेले कोठार एकदम पाण्यात उघडते. दोन्हींना आपण ‘गाळ काढणे’ असेच म्हणतो. खाडीच्या कामांचे आराखडे करताना घनमीटर मोजले जातात, तसे त्या गाळावर काय उगवले आहे हेही आधी पाहिले पाहिजे. आणि ते पाहायचे तर ओहोटीला, चिखल उघडा पडल्यावर.