पाहुण्यांचे बंदर, घरच्यांची भाषा

विकास कुणाचा, हा प्रश्न विचारणारा सभागृहात बसलेला नसेल तर विकासाचा अर्थ सत्ताधारी आपल्या सोयीने ठरवतात. हे केवळ आपल्याकडेच घडते असे कुणी समजू नये. ज्या इंग्रजांकडून आपण संसदीय लोकशाहीचे धडे घेतले, त्यांच्याच घराशेजारी एक छोटा समाज हा प्रश्न आपल्या स्थानिक परिषदेत रोज मांडतो आहे. तो कसा मांडतो आणि कुठे कमी पडतो, हे चळवळीच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा देश आहे. त्याच्या वायव्येला समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये ग्विनेद जिल्हा आहे. लोकसंख्या सुमारे १ लाख १७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेएवढी. २०२१ च्या जनगणनेनुसार सगळ्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के उरले आहेत, पण ग्विनेदमध्ये ते ६४.४ टक्के आहेत. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ६५.४ होता. म्हणजे भाषेचा हा बालेकिल्ला उभा आहे, पण त्याचेही दगड निखळत आहेत.

ही भाषा आपोआप मागे पडली नाही, ती मागे पाडली गेली. १८४६ साली लंडनच्या सरकारने वेल्समधील शिक्षणाची पाहणी करायला तीन आयुक्त पाठवले. तिघेही इंग्रज, तिघांनाही वेल्श येत नव्हती. त्यांनी अहवालात लिहिले की हे लोक मागासलेले आहेत, त्यांचे आचरण बिघडलेले आहे आणि त्याला त्यांची भाषा व त्यांचे पंथ जबाबदार आहेत. गरिबीचे कारण गरिबाच्याच माथी मारायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. त्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरे कुणी वेल्श बोलताना सापडले की तुकडा त्याच्या गळ्यात जाई आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा होई. माणसाच्या गळ्यात काय अडकवले जाते आणि कशासाठी, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की तिथला तुकडा संध्याकाळी निघत असे.

आता बंदराची गोष्ट. ग्विनेदच्या डोंगरातून छपरांसाठी पाटीचा दगड निघे आणि तो जहाजांनी जगभर जाई. पोर्थमाडोगचे बंदर याच व्यापारावर वाढले. १८३६ साली डोंगरातून या बंदरापर्यंत दगड वाहणारी रेल्वे सुरू झाली. बेथेस्डाजवळची पेनरिन खाण तर प्रचंड मोठी. पण या खाणीत गुंतवलेले भांडवल कुठून आले? पेनंट घराण्याचे जमैकात उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. रिचर्ड पेनंटने संसदेत गुलामांच्या व्यापाराची बाजू घेतली होती. पुढे गुलामगिरी रद्द झाली तेव्हा या घराण्याला ७६४ गुलामांपोटी १४ हजार ६८३ पौंड भरपाई मिळाली. गुलामांना मात्र दमडीही मिळाली नाही. त्याच घराण्याच्या खाणीत १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे वेल्श कामगारांनी संघटनेच्या हक्कासाठी लढा दिला आणि उपासमारीने ते हरले. जमैकाचा काळा मजूर आणि बेथेस्डाचा गोरा कामगार यांचे दुःख सारखे नव्हते, पण धनी एकच होता.

आज दगडाचा धंदा आटला आहे. दगड वाहणारी ती रेल्वे पर्यटक वाहते. खाणींच्या प्रदेशाला २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पुल्हेलीच्या बंदरात परिषदेच्या मालकीच्या धक्क्यांवर चारशेहून अधिक होड्या उभ्या राहू शकतात आणि २०१५ मध्ये तिथे शिडाच्या होड्यांच्या खेळाचे राष्ट्रीय केंद्र उघडले. पर्यटनाने रोजगार दिला हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या रोजगाराचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो आणि घरांच्या किमती मात्र बारा महिने चढ्या राहतात. बाहेरचे श्रीमंत सुट्टीसाठी दुसरे घर घेतात, हॉटेलात राबणाऱ्या स्थानिक तरुणाला गावात घर परवडत नाही, तो गाव सोडतो. त्याच्याबरोबर त्याची मुले जातात आणि मुलांबरोबर भाषा जाते.

हे कसे घडते ते अबेरसोख या समुद्रकाठच्या गावात दिसले. गाव होड्या आणि सुट्टीच्या घरांसाठी प्रसिद्ध. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. पण तिथल्या प्राथमिक शाळेचा पट दहाच्याही खाली घसरला आणि २०२१ च्या अखेरीस शाळा बंद झाली. बंद करणारी परिषद भाषेचा अभिमान सांगणारीच होती. इतक्या कमी मुलांसाठी शाळा चालवणे परवडत नाही, हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. पण मुले कमी का झाली, याचा हिशेब शिक्षण खात्याच्या कागदावर नसतो. तो घरांच्या, पर्यटनाच्या आणि बंदराच्या कागदावर असतो.

इथेच छाननी समितीचे महत्त्व येते. २००० च्या स्थानिक शासन कायद्यानंतर तिकडे निर्णयाची सत्ता एका छोट्या कार्यकारी मंडळाच्या हाती गेली. ग्विनेदमध्ये २०२२ पासून ६९ सदस्य आहेत आणि कायद्याने मंडळात साधारणपणे दहापेक्षा जास्त जण बसू शकत नाहीत. उरलेल्यांनी काय करायचे? कायद्याने त्यांच्याकडे छाननीचे काम दिले. या समित्या मंडळातील सदस्याला व अधिकाऱ्याला समोर बोलावतात, कागद मागतात आणि घेतलेला निर्णय अमलात येण्याआधी फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. ग्विनेदमध्ये शिक्षण आणि अर्थव्यवस्था ही दोन्ही खाती एकाच छाननी समितीपुढे येतात. पर्यटनाचा आराखडा, बंदरांचा कारभार आणि वेल्श माध्यमाचे शिक्षण यांचा जाब एकाच टेबलावर मागता येतो. ही कारभाराची साधी सोय वाटेल, पण आम्हाला त्यात मोठी शक्यता दिसते. बंदराचा गाळ उपसायला किती खर्च आला, हे विचारणाऱ्याच सदस्याला पुढच्या विषयात विचारता येते की त्या बंदराच्या गावात वेल्श बोलणारी किती मुले उरली.

प्रश्नांचा दाब पडला की धोरण हलते. ग्विनेदने दुसऱ्या घरांवरचा जादा कर वाढवत नेला आणि एप्रिल २०२३ पासून तो दीडशे टक्के केला. सप्टेंबर २०२४ मध्ये राहत्या घराचे सुट्टीच्या घरात रूपांतर करण्यासाठी नियोजन परवानगीची अट आणली. तिला न्यायालयात आव्हान मिळाले, कारण मालमत्तेचा हक्क सांगणारे कुठेच गप्प बसत नाहीत. २०२५ मध्ये वेल्सच्या संसदेने मुक्कामी पर्यटकांवर कर लावण्याची मुभा परिषदांना देणारा कायदा केला. बहुतेक निवासांसाठी माणशी रात्रीमागे १ पौंड ३० पेन्स असा तो दर आहे. तो लावायचा की नाही हे प्रत्येक परिषद ठरवणार. लावला तर पैसा कुठे जातो हे पाहण्याचे काम पुन्हा छाननीचेच.

शिक्षणात ग्विनेदने एक गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटणारी केली. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना वेल्श शिकवण्यासाठी परिषदेने १९८० च्या दशकापासून खास भाषा केंद्रे चालवली. मूल तिथे काही आठवडे भाषेत बुडते आणि मग गावच्या शाळेत सगळ्यांबरोबर बसते. भाषाप्रेमाचे दोन मार्ग असतात. एक परक्याला दाराबाहेर उभे करतो, दुसरा त्याला आत घेऊन भाषा देतो. पहिल्या मार्गाने भाषा ही जात बनते. दुसऱ्या मार्गाने ती सगळ्यांची होते. अस्मितेच्या नावाखाली माणसांना हाकलणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा.

तरीही भाबडेपणा नको. छाननी समितीला निर्णय रद्द करता येत नाही, ती फक्त परत पाठवू शकते. मंडळाने तोच निर्णय पुन्हा घेतला तर तिचा हात रिकामा. बहुमताचा पक्ष मंडळातही असतो आणि समितीतही असतो, तेव्हा आपल्याच नेत्याला टोकदार प्रश्न विचारायला छाती लागते. सल्ला ऐकून घ्यायचा आणि कपाटात ठेवायचा, ही सत्तेची जुनी सवय वेल्समध्येही आहे. शाळा बंद झाल्यावर झालेली चर्चा शाळा उघडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार ही लोकशाहीची शोभा नाही, तो दुबळ्यांच्या हातातले हत्यार आहे, आणि ते वेळेवर उचलले तरच उपयोगी पडते. बंदराचा ठेका देताना शाळेचा पट समोर ठेवा. पर्यटनाची जाहिरात छापताना घर सोडून गेलेल्यांची संख्या शेजारी छापा. ज्यांच्या गावात पाहुणे उतरतात त्यांना आधी विचारा. पाहुण्यांनी भरलेले बंदर आणि मुलांवाचून रिकामी शाळा एकाच गावात उभी असेल, तर तिथे विकास झाला असे म्हणायला आम्ही तयार नाही.