पाचोऱ्याच्या धाब्यावरून चंद्र

३०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्समधून कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्राची जी प्रतिमा पडते, ती जेमतेम पावणेतीन मिलिमीटर व्यासाची असते. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा अडवतो. त्यामुळे लेन्सच्या फोकल लांबीला ११० ने भागले की प्रतिमेचा आकार मिळतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला तो साडेपाच मिलिमीटर येतो. आकडे लहान वाटले तरी निराश होण्याचे कारण नाही. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटरमध्ये सुमारे ७०० पिक्सेल मावतात. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला पाच किलोमीटर. ८५ किलोमीटर रुंदीचे टायको विवर १७ पिक्सेलचे होते आणि ९३ किलोमीटरचे कोपर्निकस त्याहून थोडे मोठे. विवराची कडा आणि आत पडलेली सावली वेगळी ओळखू यायला एवढे पुरते. ५५-२५० किंवा ७०-३०० ची साधी झूम लेन्स हे काम करते.

या कामाला गाव सोडून जावे लागत नाही. आकाशगंगेचा फोटो काढायचा तर जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याहून दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे अंधार शोधत जावे लागेल. चंद्र मात्र इतका तेजस्वी आहे की पथदिव्यांनी आणि स्टेशनच्या उजेडाने त्याच्या फोटोत काही फरक पडत नाही. घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, थोडे मोकळे आकाश दिसले की झाले.

नवख्या माणसाच्या फोटोत चंद्र बहुधा पांढऱ्याफटक गोळ्यासारखा येतो. याचे कारण कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीत आहे. चौकटीचा बहुतेक भाग काळा असल्याने कॅमेरा दृश्य अंधारे समजतो आणि शटर गरजेपेक्षा बराच वेळ उघडे ठेवतो. प्रत्यक्षात चंद्रावर भर दुपारचे ऊन पडलेले असते. त्याचा पृष्ठभाग काळसर आहे, जुन्या डांबरी रस्त्यासारखा. पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १२ टक्केच तो परत पाठवतो. पण ऊन ते ऊनच, आणि त्याला दिवसाचेच एक्स्पोजर लागते. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा असा की पौर्णिमेच्या चंद्राला ॲपर्चर एफ/११ ठेवावे आणि आयएसओ जितका असेल तितकाच शटरचा छेद ठेवावा: आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. फिल्मच्या काळात हा ठोकताळा चोख होता. आज मात्र एफ/११ थोडे तोट्याचे ठरते, कारण ३०० मिलिमीटरच्या लेन्सचे तोंड एफ/११ ला २७ मिलिमीटरवर येते आणि प्रकाशाच्या विवर्तनाने बारीक तपशील पुसट होतो. एफ/८ आणि १/२०० सेकंद घेतले तर उजेड तेवढाच मिळतो आणि तपशीलही टिकतो. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असे वाटते, पण तो देतो एक दशांशाच्या आसपास. तेव्हा शटर १/६० पर्यंत खाली आणावे लागते. नेमका आकडा हवेवर अवलंबून असतो. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम पाहावा. त्याचे टोक उजव्या भिंतीला टेकले असेल, तर तेवढा भाग जळाला, आणि तो पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

फोकस हाताने करावा. लेन्सवरची अनंताची खूण भरवशाची नसते; टेलिफोटो लेन्सची कडी त्या खुणेच्या थोडी पुढेही फिरते, म्हणून कडी टोकाला नेऊन सोडली की चंद्र हमखास धूसर येतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठे करून चंद्राची कड किंवा एखादे विवर पाहत कडी पुढेमागे करावी आणि जमल्यावर तिला चिकटपट्टी लावावी. रात्र गार होत जाते तसा फोकस किंचित सरकतो, त्यामुळे तासाभराने तो पुन्हा तपासावा. बाकीची काळजी हादऱ्याची. ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढू नये, लेन्समधली स्थिरीकरणाची सोय बंद ठेवावी, बटण दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावावा. पाचोरा मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरचे जंक्शन आहे. रुळांलगतच्या घरात मालगाडी निघून जाईपर्यंत थांबणे बरे. आरसा वर उचलला जाण्याचा धक्का डीएसएलआरमध्ये जाणवतो. तिथेही लाइव्ह व्ह्यू उपयोगी पडतो. चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, म्हणून चौकट अधूनमधून जुळवून घ्यावी लागते.

इथपर्यंतचे सगळे एका संध्याकाळी शिकता येते. फोटो चांगला की सामान्य, हे ठरवणाऱ्या गोष्टी दोन: तिथी आणि हवा.

सर्वाधिक फोटो काढले जातात ते कोजागरीला, आणि विवरांच्या दृष्टीने ती सर्वांत निरुपयोगी रात्रींपैकी एक आहे. पौर्णिमेला सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असतो. चंद्रावर ऊन समोरून पडते आणि सावल्या उरतच नाहीत. टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे तेवढे उठून दिसतात, बाकी पृष्ठभाग सपाट वाटतो. खाचखळगे दिसतात ते उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर, कारण तिथे सूर्य नुकता उगवत किंवा मावळत असतो आणि लहानशा टेकडीचीही सावली लांब पडते. ही रेषा रोज सरकते. शुक्ल अष्टमी-नवमीला ती चंद्राच्या मधोमध असते; तेव्हा ॲपेनाइन पर्वतरांग आणि टॉलेमी, अल्फोन्सस, अर्झाकेल ही एकाखाली एक असलेली तीन विवरे सापडतात. दशमीच्या सुमारास कोपर्निकस उघडे पडते, आणि साइनस इरिडम या अर्धवर्तुळाकार उपसागराचा तळ अंधारात असतानाच त्याच्या कडेच्या डोंगरांवर ऊन येते. संकष्टी चतुर्थीला रेषा दुसऱ्या बाजूने येऊन मारे क्रिझियम हे काळसर मैदान गिळू लागलेली असते. घराघरात चंद्रोदयाची वाट पाहिली जाते ती ही रात्र फोटोलाही चांगली. दिनदर्शिकेवर चंद्रोदयाची वेळ बहुधा मुंबईची असते आणि पाचोरा मुंबईच्या सुमारे अडीच अंश पूर्वेला असल्याने इथे चंद्र साधारण दहा मिनिटे आधी उगवतो. ऋतूनुसार त्यात दोन-चार मिनिटांचा फरक पडतो. मात्र नैवेद्य दाखवून लगेच कॅमेरा लावू नये, कारण उगवता चंद्र हवेच्या जाड थरातून दिसतो: लालसर, खालून चेपलेला आणि थरथरणारा. तो मोठा वाटतो, हा डोळ्यांचा भास आहे. क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा पृथ्वीच्या जवळपास एका त्रिज्येइतका लांब असतो, म्हणून फोटोत तो किंचित लहानच भरतो.

चंद्र क्षितिजापासून ३० अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो. म्हणून उंची महत्त्वाची, आणि उंची ऋतूवर ठरते. पाचोऱ्याचा अक्षांश सुमारे २०.७ अंश उत्तर. पौषातली पौर्णिमा इथे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते, तर ज्येष्ठातली पौर्णिमा दक्षिणेकडे अर्ध्या आकाशाच्या आसपासच राहते. डोक्यावरचा चंद्र टिपताना मान अवघडते. फिरवता येणारा स्क्रीन नसेल, तर खाली चटई टाकून पडणे हाच उपाय.

हवेचा दुसरा दोष घरातूनच येतो. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. जुन्या मातीच्या धाब्यांची जागा आता बहुतेक ठिकाणी स्लॅबने घेतली आहे. शेजारी पत्र्याचे छप्पर असले तर तेही भर घालते. ही गरम हवा लेन्ससमोरून वर चढते. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठे केले की चंद्राची कड उकळल्यासारखी हलताना दिसते, मध्येच अर्धा सेकंद स्थिर होते आणि पुन्हा हलू लागते. साध्या गावातल्या साध्या रात्री या हालचालीने दोन ते चार आर्कसेकंदांचा तपशील पुसला जातो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर एक पिक्सेल जवळपास तेवढाच, पावणेतीन आर्कसेकंदांचा असतो. ६०० वर तो निम्मा होतो. म्हणजे लहान लेन्सला अडवते तिची लांबी आणि मोठ्या लेन्सला अडवते हवा. त्यापुढे मोठी लेन्स घेणाऱ्याचे पैसे शब्दशः हवेत जातात. उन्हाळ्यात झोपण्यासाठी लोक संध्याकाळी धाब्यावर पाणी मारतात. त्याने कॅमेऱ्याचेही भले होते. त्याहून चांगले म्हणजे ट्रायपॉड अंगणातल्या मातीवर लावावा.

तिथी आणि ऊब यांचा हिशेब एकत्र मांडला की एक गोष्ट लक्षात येते. शुक्ल अष्टमीचा चंद्र सर्वांत उंच असतो तो सूर्यास्ताच्या वेळी, म्हणजे नेमका स्लॅब तापलेला असताना. कृष्ण अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो आणि पहाटे माथ्यावर येतो. तेव्हा स्लॅब निवलेला असतो. त्यातही आश्विनातल्या कृष्ण अष्टमीला हा चंद्र पाचोऱ्यात पहाटे डोक्याजवळ पोहोचतो. पावसाने धूळ बसलेली असते आणि थंडीतला शेकोट्यांचा धूर अजून सुरू झालेला नसतो. वर्षातली उत्तम संधी ही, कोजागरीनंतर आठ दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर. त्या वेळी आकाशाकडे फारसे कुणी पाहत नाही.

तरीही एकाच फोटोवर विसंबू नये. हवा क्षणभर स्थिर होते तो क्षण बोटाला पकडता येत नाही, म्हणून शंभरेक फोटो लागोपाठ काढावेत, तेही रॉ स्वरूपात. पुढे पीआयपीपी या मोफत सॉफ्टवेअरने चंद्र प्रत्येक फोटोत मधोमध आणावा. ऑटोस्टॅकर्ट त्यातले धारदार फोटो निवडून एकमेकांवर बसवते. सरासरीत कण-कण दिसणारा गोंगाट विरतो आणि तपशील उरतो. शेवटी रेजिस्टॅक्समधल्या वेव्हलेटच्या पट्ट्या सरकवून धार आणली जाते. इथे हात आवरावा लागतो. चंद्राच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली की मर्यादा ओलांडली. रंगांची तीव्रता हळूहळू वाढवली, तर मारे ट्रँक्विलिटॅटिस निळसर आणि मारे सेरेनिटॅटिस तपकिरी दिसू लागते. पहिल्यातल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम जास्त आहे, त्यामुळे हा रंग खराच आहे, फक्त डोळ्यांना जाणवत नाही. पुण्याच्या प्रथमेश जाजू या १६ वर्षांच्या मुलाने मे २०२१ मध्ये असाच रंगीत अर्धचंद्र देशभर गाजवला होता. त्याने दुर्बिणीतून ५० हजारांहून अधिक फ्रेम घेतल्या होत्या आणि माहितीचा साठा १८६ जीबीपर्यंत गेला होता. तो चंद्रही मध्यरात्रीनंतरचा, कृष्ण पक्षातलाच. काही मोबाइल फोन चंद्र ओळखून त्यावर आधीच शिकवलेला तपशील चढवतात. चित्र छान येते, पण त्या रात्रीची हवा आणि सावली त्यात कितपत उरते हे सांगता येत नाही.

चंद्राबरोबर जमिनीवरची वस्तू हवी असेल, तर ११० चा आकडा पुन्हा कामी येतो. वस्तूच्या उंचीच्या ११० पट लांब उभे राहिले की ती चंद्राएवढी दिसते: १० मीटरच्या लिंबासाठी १,१०० मीटर, २० मीटरच्या पाण्याच्या टाकीसाठी सव्वादोन किलोमीटर. घराच्या धाब्यावरून अशी टाकी योग्य अंतरावर आणि योग्य दिशेला असणे हा योगायोगच.

द्वितीया-तृतीयेच्या कोरीचे तंत्र वेगळे आहे. पाचोऱ्याच्या अक्षांशावर फाल्गुन-चैत्रात कोर जवळजवळ आडवी, दोन्ही टोके वर करून दिसते. भाद्रपद-आश्विनात ती एका कुशीला कलते. या टोकांच्या चढउताराला ज्योतिषग्रंथांत शृंगोन्नती म्हणतात आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त तिच्यावर स्वतंत्र अधिकार आहे. त्या ग्रंथाच्या अध्यापनासाठी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा १२०७ चा शिलालेख शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात, पाटण येथे आहे. कोरीचा उरलेला अंधारा भाग पृथ्वीवरून गेलेल्या उजेडात राखाडी दिसतो. तो टिपायला आयएसओ ८०० आणि एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात उजळ कोर जळते, म्हणून दोन वेगळी एक्स्पोजर घेऊन ती नंतर जोडतात.

खग्रास चंद्रग्रहणात कमी उजेडाचा हा प्रश्न आणखी वाढतो. ग्रासलेल्या चंद्राचे तेज हजारो पटींनी घटते. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास अवस्था रात्री ११ ते १२.२२ अशी होती, पण दिवस पावसाळ्याचे होते. ३१ डिसेंबर २०२८ चे ग्रहण थंडीत येते आणि त्याचा मध्य रात्री सुमारे १०.२२ ला आहे. चंद्र तेव्हा बराच वर असेल. आयएसओ १६०० आणि एफ/५.६ ला तांबूस चंद्रासाठी एक सेकंदाचे एक्स्पोजर लागते, आणि त्या एका सेकंदात चंद्र सुमारे १५ आर्कसेकंद, म्हणजे ३०० मिलिमीटरवर पाच पिक्सेल सरकतो. आयएसओ ३२०० करून वेळ अर्ध्यावर आणली तर घसरण अडीच पिक्सेलवर येते. पूर्ण थांबवायची असेल तर कॅमेरा पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरवणारा छोटा ट्रॅकर ट्रायपॉडवर बसवावा लागतो.