सेल्फ-चेकआउट मशीन घ्यायचं की काउंटरवर माणूस ठेवायचा?

बिलिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, मिनी सुपरमार्केट टाकतोय. मशीनवाला म्हणतो, गिऱ्हाईक स्वतःच स्कॅन करेल, स्वतःच पैसे भरेल, एका पोराचा पगार वाचेल. घेऊ का?" व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं. पण यात तुमचे लाखभर रुपये अडकू शकतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी हे मशीन आलं कुठून ते बघू. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी किराणा दुकान अगदी आपल्यासारखंच होतं. काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे नोकर. यादी सांगायची, तो माल काढून, तोलून, बांधून देणार. १९१६ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान उघडलं. तिथे गिऱ्हाईकाच्या हातात टोपली दिली आणि सांगितलं, आत जा, हवं ते उचला, बाहेर पडताना पैसे द्या. नोकराचं अर्धं काम गिऱ्हाईकाकडे गेलं, तरी लोक खूश झाले. कारण बदल्यात त्यांना काहीतरी मिळालं: प्रत्येक मालावर किंमत लिहिलेली, माल स्वस्त, आणि दहा डबे हाताळून बघितले तरी कोणी डोळे वटारत नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. गिऱ्हाईकाकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याला बदल्यात काय देणार?

पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. १९८० च्या दशकात तिथल्याच दुकानांत गिऱ्हाईकाने स्वतः स्कॅन करायची मशीनं चाचणीसाठी लागली. पण यावेळी गिऱ्हाईकाला काय मिळालं? किंमत तीच. काम मात्र त्याचं. मिळणार होता तो वेळ, आणि मशीन अडलं की तोही गेला.

मशीन अडतं का?

बारकोडमध्ये किंमत नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडच्या पाकिटावर तेरा आकडी नंबर असतो. ८९० ने सुरू होत असेल तर त्या कंपनीने नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय, एवढाच अर्थ. माल भारतातच बनला असं त्यातून सिद्ध होत नाही, व्हॉट्सअॅपवर काहीही फिरू दे. मशीन तो नंबर वाचतं आणि तुमच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत शोधतं. नाव, दर, टॅक्स सगळं त्या यादीत. यादी चुकली की बिल चुकलं.

सेल्फ-चेकआउटमध्ये याच्या पुढची एक पायरी असते. स्कॅन झालेली वस्तू गिऱ्हाईकाने बाजूच्या पिशवीच्या जागेवर ठेवायची. त्या जागेखाली वजनकाटा लपलेला असतो. स्कॅन झालेल्या वस्तूचं यादीतलं वजन आणि काट्यावर वाढलेलं वजन जुळलं तर पुढे जा, नाही जुळलं तर मशीन थांबतं, लाल दिवा लागतो, बाई बोलायला लागते. ब्रिटनमध्ये "पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे" अशा अर्थाचं ते वाक्य इतकं ऐकून ऐकून कंटाळा आलाय की त्यावर चक्क विनोद होतात.

आता वजन न जुळायला काय काय कारणं असू शकतात बघा. गिऱ्हाईकाने घरची कापडी पिशवी आधीच ठेवली. बरोबरच्या पोराने काट्यावर हात टेकवला. शाम्पूची पुडी इतकी हलकी की काट्याला कळलीच नाही. किंवा, आणि आपल्याकडे हे सर्रास होतं, कंपनीने किंमत तीच ठेवून बिस्किटाचं वजन कमी केलं आणि यादीत जुनंच वजन राहिलं. गिऱ्हाईकाने काहीही चुकीचं केलेलं नाही, तरी मशीनने सगळ्या रांगेसमोर त्याला चोर ठरवलं.

भाजी-फळांचं आणखी वेगळं. केळ्यावर बारकोड कुठून येणार? तिकडे त्यासाठी चार आकडी कोड असतात, साध्या केळ्याचा ४०११. गिऱ्हाईकाने कोड टाकायचा नाही तर पडद्यावरच्या चित्रांत शोधायचं. कोणी चुकून, कोणी मुद्दाम महाग फळाच्या जागी स्वस्त फळ दाबतं.

मग दुकानदार काय करतो? पाच-सहा मशीनांमागे एक माणूस उभा करतो. त्याचं काम काय, तर दिवा लागला की पळायचं, किल्ली फिरवायची आणि संशयाने पिशवीत बघायचं. ब्रिटनमधल्या काही सुपरमार्केटांनी तर बाहेर पडायच्या दारावर फाटक लावलं, पावती स्कॅन केल्याशिवाय ते उघडत नाही. तुम्ही त्या माणसाच्या जागी आठ तास उभं राहून बघा. "या ताई, काय हवंय?" म्हणायची संधीच त्याला मिळत नाही. जो समोर येतो तो आधीच वैतागलेला असतो. लोक म्हणतात स्टाफ उद्धट आहे. माझं मत असं, की निम्मा उद्धटपणा त्या मांडणीतच भरलेला आहे.

आता मोठ्या कंपन्यांनी पुढे काय केलं ते बघा. इंग्लंडच्या उत्तर भागात बूथ्स नावाची साखळी आहे. त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडून ही मशीनं काढायचा निर्णय जाहीर केला आणि गल्ल्यावर पुन्हा माणसं बसवली. अमेरिकेत टार्गेटने मार्च २०२४ पासून बहुतेक दुकानांत दहा किंवा कमी वस्तू असतील तरच सेल्फ-चेकआउट, असा नियम केला. डॉलर जनरलने त्याच वर्षी हजारो दुकानांतून ते काढलं. कारणांत माल गायब होणं हे मोठं कारण होतं. ॲमेझॉनने नुसतं उचला आणि चालू पडा अशी कॅमेऱ्यांची व्यवस्था केली होती, तीही अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून काढायचं २०२४ मध्येच ठरवलं. आणि नेदरलँड्समध्ये युम्बो नावाच्या सुपरमार्केटने २०१९ मध्ये एकदम उलटं केलं. एक गल्ला मुद्दाम सावकाश ठेवला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी दोन शब्द बोलावेत म्हणून. पुढे तो आणखी दुकानांत नेला.

म्हणजे मशीन वाईटच, असं मी म्हणत नाही. दोन दुधाच्या पिशव्या आणि ब्रेड घेऊन निघायचं असेल तर ते झकास आहे. टार्गेटने ते पूर्ण बंद न करता दहा वस्तूंवर आणलं, ते याचसाठी.

आपल्या दुकानात काय होईल?

इथे मशीनवाल्याला विचारायचे प्रश्न देतो, लिहून घ्या. पहिला: एकाच बारकोडला दोन एमआरपी असल्या तर मशीन काय करणार? आपल्याकडे कंपनी भाव वाढवते पण बारकोड तोच राहतो. जुना स्टॉक ४५ चा, नवा ४८ चा, दोन्ही एकाच फळीवर. तुमचा पोरगा पाकीट उलटं करून छापील किंमत बघतो आणि बरोबर ती निवडतो. मशीनपुढे गिऱ्हाईक कोणती निवडेल? आणि मशीनने स्वतःहून ४८ लावले तर तुम्ही छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तो गुन्हा तुमच्या नावावर. दुसरा: रोख रक्कम देणाऱ्याचं काय? तिसरा: उधारीचं काय? मोबाइलवर वही आली तरी महिनाअखेरीला चुकतं करणारी घरं आहेत, आणि ती तुमची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं असतात. चौथा: सुट्ट्या मालाला स्टिकर कोण लावणार? काट्यातून बारकोडचं स्टिकर निघतं हे खरं, पण तो काटा चालवायला माणूस लागतोच. मग पगार वाचला कुठे?

आणि हो, हे मशीन रविवारी संध्याकाळी सात वाजता एखाद्या चालू किराणा दुकानात दाखवा म्हणावं. एसी ऑफिसमधला डेमो नको.

खरं दुखणं रांगेचं असतं, आणि ते मोजल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. समजा संध्याकाळी ७ ते ९ मध्ये तुमची ६० बिलं होतात आणि एका बिलाला दोन मिनिटं लागतात. म्हणजे १२० मिनिटांचं काम, आणि वेळही बरोबर १२० मिनिटं. एक काकू जरी पर्स शोधत थांबल्या तरी रांग दाराबाहेर. आता घड्याळ लावून बघा, त्या दोन मिनिटांत स्कॅनिंग किती? माझ्या दुकानात मोजलं तेव्हा स्कॅनिंगला वेळच लागत नव्हता. वेळ जात होता साखर-डाळ-पोहे तोलण्यात आणि सुट्टे शोधण्यात. तोलण्याचे ४० सेकंद काढले तर तीच ६० बिलं ८० मिनिटांत होतात. मशीन न घेता रांग गेली!

ते कसं काढायचं? लोक म्हणतात दुपारी बसून एक-एक किलोची पाकिटं भरून ठेवा. थांबा. गिऱ्हाईक समोर नसताना भरलेलं पाकीट कायद्याने पॅकबंद वस्तू ठरतं. त्यावर नाव, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, पॅक करणाऱ्याचा पत्ता वगैरे द्यावं लागतं, आणि पॅकर म्हणून नोंदणीही येते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्ट्या डाळीवर तो नाही. म्हणून आधी वैधमापन कार्यालयात आणि सीएकडे विचारा, मग हिशोब जमतो का बघा.

मी सोपा मार्ग सुचवतो. तोलायची जागा आणि बिलाची जागा वेगळी करा. गिऱ्हाईक आत आलं की आधी सुट्ट्या मालाची यादी काट्यावरच्या पोराला देईल, मग पॅकिंगचा माल घ्यायला रॅककडे जाईल. तो परत येईपर्यंत पुड्या बिलाच्या काउंटरवर तयार. काट्याचं वार्षिक स्टॅम्पिंग तेवढं चुकवू नका. आणि दुसरी गोष्ट, गिऱ्हाईकाकडे तोंड असलेला छोटा पडदा लावा. सेल्फ-स्कॅनिंगमध्ये लोकांना खरोखर आवडतं ते हेच, की काय लागलं ते डोळ्यांसमोर दिसतं. तेवढंच घ्या, बाकी सोडा.

आता काउंटरवरच्या माणसाचं बोलू. उद्धटपणा म्हणजे शिवीगाळच असं नाही. मोबाइलमधून मान वर न करणं, "घ्यायचं तर घ्या" म्हणणं, दहाच्या नोटेला "एवढ्याशाला ऑनलाइन करा की" आणि ऑनलाइन केलं तर "एवढ्याशाला ऑनलाइन?" म्हणणं, दोन रुपयांऐवजी न विचारता चॉकलेट सरकवणं. पुण्याच्या दुकानदारांवरचे जोक आपण हसून पुढे ढकलतो, पण समोरच्या चौकात नवं दुकान उघडलं की तेच गिऱ्हाईक जोक न सांगता तिकडे जातं. मोबाइल नंबरचंही तसंच. नंबर दिल्याशिवाय बिलच होणार नाही असं अडवून धरू नका. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना हेच बजावलंय. मागा जरूर, नाही म्हटलं तर पुढचं बिल करा.

पोरगा खेकसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात काही नसतं. फळीवर ९५ लिहिलंय, बिलात १०२ आले. गिऱ्हाईक चिडलंय, मालक बाहेर गेलाय, आणि सात रुपये कमी करायचा अधिकार पोराकडे नाही. मग तो काय करणार? वाद घालणार. म्हणून त्याला स्पष्ट सांगून ठेवा: पन्नास रुपयांपर्यंतचा फरक, फुटलेलं पाकीट, बदलून देणं, हे न विचारता तिथल्या तिथे मिटवायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. मी रात्री ती वही बघतो. महिन्याला ती रक्कम साडेतीनशे-चारशेच्या वर जात नाही, आणि कुठल्या मालाचा दर कॉम्प्युटरमध्ये चुकलाय ते मला फुकटात कळतं. त्या वहीवरून त्याला चारचौघांत झापू नका, नाही तर दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहील आणि भांडणं पुन्हा काउंटरवर येतील.

नवीन पोराला पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवू नका. आठवडाभर काट्यावर ठेवा, माल कुठे आहे ते कळू दे. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या मोकळ्या वेळेत बिलं करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. संध्याकाळची गर्दी तिसऱ्या आठवड्यात. आणि बसायला एक उंच स्टूल द्या. बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवायची असेल तर तेवढे आठशे-हजार रुपये आधी खर्च करा.