भांडवल आणि भूगोल (लेखांक अकरावा) : न भरलेली फी

ग्रीनलंडचे प्रकरण या आठवड्यात घेईन असे मी म्हटले होते, ते तहकूब करतो. याला कारण सांगलीच्या एका वाचकांचे पत्र. मागील लेखांकात सेमाग्लुटाइड या कृशतादायक औषधाविषयी लिहिताना कॅनडातील त्याचे पेटंट केव्हाच बुडाले आहे असे वाक्य मी ओझरते टाकून पुढे गेलो होतो. त्यावर बोट ठेवून हे गृहस्थ विचारतात की, शोध एक, औषध एक, कंपनी एक, मग अमेरिकेत ही सनद पुढील दशकाच्या आरंभापर्यंत टिकते, आपल्याकडे ती मार्च २०२६ मध्ये संपते आणि कॅनडात मात्र सर्वांआधी संपून बसली, हा प्रकार काय? प्रश्न इतका रास्त आहे, आणि खरे सांगायचे तर इतका माझ्या आवडीचा आहे, की त्यापुढे ग्रीनलंडने आठ दिवस थांबायला हरकत नाही.

पहिल्या दोन देशांचा उलगडा सोपा आहे. पेटंटचे आयुष्य अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचे. सेमाग्लुटाइड बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीने या रेणूसाठी आंतरराष्ट्रीय अर्ज मार्च २००६ मध्ये रुजू केला, तेव्हा भारत, चीन आणि ब्राझील या तिन्ही ठिकाणी मुदत मार्च २०२६ मध्येच भरते. अमेरिकेत मात्र चाचण्यांत आणि सरकारी मंजुरीत खर्ची पडलेल्या काळापैकी काही वर्षे, जास्तीत जास्त पाच, पेटंटधारकाला परत मिळतात. युरोपातही पूरक दाखल्याच्या रूपाने तशीच सोय आहे. आपल्या कायद्यात ती नाही, आणि ती नसावी असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. १९५९ च्या पेटंटविषयक अय्यंगार अहवालापासून १९७० च्या कायद्यापर्यंतची आणि तेथून २००५ च्या दुरुस्तीपर्यंतची ती सारी कथा सांगण्याचा मोह अनावर होतो आहे, परंतु आज कॅनडा.

पेटंट मिळाले म्हणजे ते आपोआप जिवंत राहते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी की, जुन्या वतनदाराला जसा दरसाल सारा भरावा लागे तशी कॅनडासारख्या देशांत पेटंटधारकाला दरसाल एक निर्वाह फी भरावी लागते, आणि ती चुकली तर सनद खालसा होते. कॅनडाच्या पेटंट कचेरीच्या दप्तरात सेमाग्लुटाइडसाठी शेवटचा भरणा २०१८ सालचा आहे. त्याच दप्तरात कंपनीच्या वकिलांचे एक पत्र आहे, आणि ते वाचताना डोळे चोळावेसे वाटतात : भरलेली अडीचशे कॅनेडियन डॉलरची फी कृपया परत करावी, कारण हे पेटंट चालू ठेवावे की नाही याचा विचार करण्यास अशिलाला अधिक अवधी हवा आहे. पुढे कचेरीने आपल्या निर्विकार भाषेत उलट कळवले की, नियत तारखेपर्यंत फी पोहोचलेली नाही, विलंबाचा आकार धरून आता साडेचारशे डॉलर होतात, आणि त्यासाठी एका वर्षाची सवलत आहे. ते वर्ष उलटले. भरणा झाला नाही, पेटंट गेले, आणि एकदा गेलेले पेटंट पुन्हा जिवंत करण्याचा मार्ग उरला नाही.

ज्या औषधाच्या जोरावर ही कंपनी २०२३ साली एलव्हीएमएचला मागे टाकून युरोपातील सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली, जिच्या शेअरांची एकूण किंमत डेन्मार्कच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाहून अधिक भरू लागली, तिने साडेचारशे डॉलर वाचवले, ही हकीगत २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा गुंतवणूकदारांच्या बैठकांतून जे हास्य पिकले असेल त्याची कल्पना करता येते. कोणा कारकुनाची विसरभोळी चूक, असे म्हणून लोक मोकळे झाले. मला ते पटत नाही. विसरणारा मनुष्य फी परत मागण्यासाठी पत्र लिहीत नाही.

माझा तर्क असा. कॅनडात नव्या औषधाला पेटंटखेरीज दुसरेही एक कवच मिळते : मूळ कंपनीने चाचण्यांची जी माहिती सरकारला सादर केलेली असते तिच्या आधारावर दुसऱ्या कोणाला आठ वर्षे विक्रीचा परवाना मिळत नाही. ओझेम्पिक या नावाने सेमाग्लुटाइडला तेथे परवाना मिळाला जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे हे कवच जानेवारी २०२६ पर्यंत. पेटंट फी भरून जगवले असते तरी त्याची मूळ मुदत मार्च २०२६ ची. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर वर्षानुवर्षे फी भरून पदरात पडणार होते जेमतेम दोन महिने; आणि त्या वेळी ओझेम्पिक हे मधुमेहाचे एक नवे इंजेक्शन होते, त्याच रेणूच्या वजनासाठीच्या रूपाला, वेगोव्हीला, अमेरिकेची मंजुरी मिळायला २०२१ चा जून उजाडायचा होता. म्हणून हा हिशेब मूर्खपणाचा नव्हता, अपुरा होता. कारण २०१७ साली, युरोपशी झालेल्या व्यापारी कराराच्या अन्वये, कॅनडानेही दोन वर्षांपर्यंतच्या वाढीव मुदतीचा दाखला देण्यास आरंभ केला होता. असा दाखला लागू व्हायचा तर मूळ पेटंट जिवंत असावे लागते. त्या फीने विकत मिळत होती ती केवळ या वाढीव मुदतीची शक्यता, आणि सेमाग्लुटाइडच्या जगातील मोठ्या बाजारांपैकी एक असलेल्या देशात तिचे मोल काय झाले असते, हे २०१९ साली टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला दिसले नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. भागधारकांनाही ते दिसले नव्हतेच.

या प्रकरणाचे एक टोक आपल्या दाराशी येऊन पोहोचते. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने सेमाग्लुटाइड भारतात तयार करण्यास घेतले तेव्हा नोव्हो दिल्ली उच्च न्यायालयात गेली. भारतातील पेटंट अद्याप चालू होते, त्यामुळे येथे विक्री करता येणार नव्हती, हे रेड्डीजलाही मान्य होते. वाद राहिला तो निर्यातीचा : ज्या देशांत नोव्होचे पेटंट नाही तेथे पाठविण्यासाठी माल येथे करता येईल काय? रेड्डीजने असा प्रतिवाद केला की, या औषधाचा अंतर्भाव करणारे आधीचे व्यापक पेटंट सप्टेंबर २०२४ मध्येच संपले असून त्याच शोधाला दुसऱ्या सनदेने आयुष्य वाढवून दिले जात आहे. न्यायालयाला तो सकृद्दर्शनी विचारार्ह वाटला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये निर्यातीसाठीच्या उत्पादनाला अंतरिम मनाई करण्यास त्याने नकार दिला. पेटंट नसलेल्या श्रीमंत देशांत अर्थातच कॅनडा ठळक.

पत्राच्या शेवटी आमच्या वाचकांनी नोव्होचे शेअर घ्यावेत काय, असेही विचारले आहे. सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, आणि तो असता तरी मी दिला नसता. परंतु कंपनीचा वार्षिक अहवाल त्यांनी जरूर मागवावा आणि अध्यक्षांच्या निवेदनावर वेळ न दवडता, कोणत्या औषधाचे पेटंट कोठे केव्हा संपते हे दाखविणारा तक्ता शोधून काढावा. तो छोटासाच आहे. त्यात अमेरिका, चीन, जपान आणि युरोप यांचे रकाने आहेत. कॅनडाचा रकाना त्यात नाही, आणि भारताचाही नाही.