व्हिटॅमिन डी : आमवात आणि ल्युपससारख्या आजारांत उपयोग किती, धोका किती?

आमच्या नात्यातल्या एका खालांना बरीच वर्षे आमवात आहे. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. सकाळी बोटे आखडलेली असतात, फजरच्या वजूसाठी नळ फिरवायलाही त्रास होतो. रक्ताच्या एका तपासणीत त्यांचे व्हिटॅमिन डी फारच कमी निघाले. डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे घ्यायला सांगितली. तीन-चार पुड्यांनंतर अंगदुखी कमी झाली, थकवा उतरला. खाला खूश.

मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. आमवाताचे मूळ कारण व्हिटॅमिन डीची कमतरता आहे, भरपूर व्हिटॅमिन डी घ्या आणि बाकीची औषधे सोडा, असे त्यात छातीठोकपणे सांगितले होते. खालांनी आठवड्याची पुडी रोज घ्यायला सुरुवात केली आणि आमवातासाठी दर आठवड्याला घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद करून टाकली. मेडिकलवाला मागेल तेवढ्या पुड्या देत गेला, चिठ्ठी कुणी विचारली नाही. दीड-दोन महिन्यांनी मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठणे सुरू झाले. पुढे बोलण्यातही गोंधळ व्हायला लागला, तेव्हा घरचे घाबरले. दवाखान्यात कळले की रक्तातले कॅल्शियम खूप वाढले आहे आणि किडनीवर परिणाम झाला आहे. अल्हम्दुलिल्लाह, त्यातून त्या बाहेर आल्या. बोटांची सूज मात्र पहिल्यापेक्षा जास्त जोराने परत आली.

आता अडचण अशी आहे की त्या व्हिडिओतले सगळेच खोटे नव्हते. व्हिटॅमिन डी आणि या आजारांचा संबंध आहे. तो नेमका काय आहे आणि कुठे संपतो, हे समजून घेतले तर अशी चूक टळते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

आपलेच शरीर आपल्यावर उलटते तेव्हा

आपल्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशींची एक फौज असते. परके कोण आणि आपले कोण, हे ओळखणे तिचे पहिले काम. काही लोकांत ही ओळख चुकते आणि फौज आपल्याच अवयवांवर हल्ला करते. यांना ऑटोइम्युन आजार म्हणतात. हल्ला सांध्यांवर झाला तर आमवात, थायरॉइडच्या ग्रंथीवर झाला तर हाशिमोटो, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर झाला तर लहान मुलांत जास्त दिसणारा टाइप १ मधुमेह. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचे आवरण खराब होऊ लागले तर मल्टिपल स्क्लेरोसिस. सोरायसिस आणि अंगावरचे पांढरे कोड याच कुटुंबातले. (कोड असलेल्या मुलींच्या लग्नात आपल्याकडे काय काय होते ते सर्वांना माहीत आहे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, एवढे तरी घराघरांत सांगायला हवे.) ल्युपस नावाचा आजार तर त्वचा, सांधे, किडनी, कुठेही जाऊ शकतो, आणि त्याच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात.

या आजारांची सुरुवात एका कारणाने होत नाही. आईवडिलांकडून आलेला कल, काही संसर्ग, तंबाखू, हार्मोन्स असे बरेच धागे एकत्र येतात. त्यातला एक धागा व्हिटॅमिन डीचा असावा, असे संशोधकांना बऱ्याच वर्षांपासून वाटत आले आहे.

नाव व्हिटॅमिन असले तरी हे काम हार्मोनसारखे करते. उन्हातले अतिनील किरण त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थापासून व्हिटॅमिन डी तयार होते. मग यकृतात त्याच्यावर एक प्रक्रिया होते (आपण लॅबमध्ये मोजतो ते हेच रूप) आणि किडनीत दुसरी, तेव्हा कुठे ते कामाला लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे हे त्याचे जुने, ओळखीचे काम. पण पुढे असे दिसले की रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवरही व्हिटॅमिन डीला पकडणारे रिसेप्टर असतात, आणि यातल्या काही पेशी त्याचे सक्रिय रूप स्वतःच बनवू शकतात. प्रयोगशाळेत पाहिले तर ते दाह वाढवणाऱ्या पेशींना आवरते आणि फौजेला शिस्तीत ठेवणाऱ्या पेशींना बळ देते. म्हणजे संबंध असण्याला आधार आहे.

कमतरता आधी की आजार आधी?

नकाशावरही एक खूण दिसते. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, ऊन कमी होत जावे, तसतसे मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण साधारणपणे वाढते. अमेरिकन सैन्यातल्या लोकांच्या साठवलेल्या रक्ताचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या सैनिकांपैकी ज्यांचे व्हिटॅमिन डी जास्त होते, त्यांना पुढे हा आजार कमी झालेला दिसला. कृष्णवर्णीयांत मात्र हा संबंध स्पष्ट दिसला नाही.

आमवात, ल्युपस असलेल्यांच्या रक्तात व्हिटॅमिन डी कमी सापडते, हेही अनेक देशांत दिसले आहे. व्हिडिओवाले इथेच थांबतात. पण थोडा विचार करा. ल्युपसच्या रुग्णाला डॉक्टरच उन्हात जाऊ नका म्हणतात, कारण उन्हाने आजार भडकतो. सांधे दुखणारा माणूस घरातच बसून राहतो. मग व्हिटॅमिन डी कमी झाले म्हणून आजार झाला, की आजार झाला म्हणून ते कमी झाले? नुसते रक्त तपासून हे कळत नाही. त्यासाठी निरोगी लोक घ्यायचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडायचे, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी द्यायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हाच मार्ग.

असा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे नाव व्हायटल. त्यात २५,८७१ लोक होते. पुरुष पन्नाशीच्या पुढचे, स्त्रिया पंचावन्नच्या पुढच्या. अर्ध्यांना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी, अर्ध्यांना खोटी गोळी, अशी साधारण सव्वापाच वर्षे. ऑटोइम्युन आजारांबद्दलचा निकाल २०२२ मध्ये आला. खरी गोळी घेणाऱ्यांत १२३ जणांना नवा आजार झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत १५५ जणांना. म्हणजे २२ टक्के कमी. बातम्यांत हा टक्काच गाजला. पण जवळपास २६ हजार लोकांत, पाच वर्षांनंतर, फरक ३२ माणसांचा आहे, हेही लक्षात ठेवावे. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही. २०२४ मध्ये पुढचा अहवाल आला. गोळ्या बंद होऊन दोन वर्षे झाली होती आणि व्हिटॅमिन डीचा तो फायदा विरून गेलेला होता.

आम्हाला या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हे लोक सुरुवातीला त्या आजारांचे रुग्ण म्हणून घेतलेले नव्हते. प्रश्न होता आजार टाळण्याचा. आग लागू नये म्हणून घेतलेली काळजी वेगळी आणि लागलेली आग विझवणे वेगळे. एकदा आमवात किंवा ल्युपस सुरू झाल्यावर व्हिटॅमिन डीने तो बरा होतो, असे कुठल्याही मोठ्या प्रयोगात सिद्ध झालेले नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अगदी पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये दर दोन आठवड्यांनी एक लाख युनिट देऊन पाहिले. २०२५ मध्ये आलेल्या निकालात आजाराच्या हालचाली काही प्रमाणात कमी दिसल्या. तशाच रुग्णांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये रोजच्या डोसने केलेल्या प्रयोगात मात्र फायदा दिसला नाही. शिवाय असे डोस देताना रुग्णावर डॉक्टरांची नजर असते. घरी बसून करायचा हा प्रयोग नाही.

मग खालांना बरे का वाटले? कारण व्हिटॅमिन डी फार कमी झाले की स्वतःच अंगदुखी, हाडे दुखणे, मांड्या-खांद्यांत कमजोरी आणते. ती दुखणी आमवातात मिसळून जातात. पुडीने त्यांची कमतरता भरली, ते दुखणे गेले, आणि वाटले आमवातच चालला. दुसरेही एक कारण गोंधळ वाढवते. आमवात, ल्युपसच्या रुग्णांना बरेचदा स्टेरॉइड द्यावे लागते. त्याने हाडे ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टर सोबत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लिहितात. ते हाडांसाठी असते. चिठ्ठीवर पाच औषधे असतात, कोणते कशासाठी हे ओपीडीच्या गर्दीत कुणी सांगत नाही, आणि घरी आल्यावर "ताकदीची गोळी" ठेवून "गरम पडणारी" सोडली जाते. मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन अशी मध्येच सोडली तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात, ल्युपसमध्ये किडनी जाऊ शकते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्या, मनाने बंद करू नका.

आपल्या घरातले ऊन

कमतरता निघाली की आपल्या बायकांना पहिले वाक्य ऐकवले जाते ते बुरख्याबद्दल. अंग झाकलेले असले तर त्वचेत व्हिटॅमिन डी कमी बनते, हे खरे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण पूर्ण खरे नाही. लखनौच्या एका रुग्णालयातल्या निरोगी कर्मचाऱ्यांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे दोन-तृतीयांश लोकांत कमतरता होती. दिवसभर छताखाली काम, सावळी त्वचा (तिला जास्त वेळ ऊन लागते), शहरातला धूर आणि जेवणात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसणे, ही कारणे सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहेत.

परदा पूर्वीही होताच. पण जुन्या घरांना मधोमध चौक असायचा, कोकणात मागचे परसू असायचे. पापड वाळवणे, गहू निवडणे, केस सुकवणे, बाळाला तेल लावणे, सगळे तिथे उन्हात, बाहेरच्या नजरेआड व्हायचे. आता मुंब्रा, गोवंडी, भिवंडीच्या इमारतींत गच्चीला कुलूप आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसरी भिंत. परदा राहिला, चौक गेला. कुवेत, सौदीत राहणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांचे तेच. बाहेर रखरखीत ऊन आणि आयुष्य एसीत. सोसायटीच्या गच्चीची चावी आठवड्यात काही दुपारी फक्त बायकांसाठी ठेवता येते. आडोसा लावायला एक जुनी चादर पुरते. हा विषय जमातखान्यात किंवा सोसायटीच्या बैठकीत काढायला लाज कसली?

उन्हाबद्दल दोन गैरसमज आहेत. सकाळी सहा-सातचे कोवळे ऊन छान वाटते, पण त्यात लागणारे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन कामाचे. आणि बंद काचेतून आलेल्या उन्हाने व्हिटॅमिन डी बनत नाही, काच ते किरण अडवते. चेहरा झाकून हात, पाय उघडे ठेवले तरी चालते. चटका बसेपर्यंत बसायचे नाही. ल्युपसच्या रुग्णांनी मात्र हे करूच नये, त्यांच्यासाठी गोळी हाच रस्ता.

जेवणातून मिळते ते थोडे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत बरे असते, अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडे, साध्या दुधात नगण्य. 'डी' मिसळलेले दूध आणि तेल बाजारात असते, पाकिटावर तसे लिहिलेले असते.

डोसचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये. ६० हजारांची पुडी आठवड्याला घेतली तर रोजचे साडेआठ हजार पडतात, म्हणून ती ठरावीक आठवडेच असते. तीच रोज घेतली तर मर्यादेच्या पंधरा पट. जास्तीचे व्हिटॅमिन डी लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठते आणि पुडी बंद केल्यावरही कित्येक आठवडे त्रास देत राहते. मूतखडा, किडनीचा आजार, टीबी किंवा सार्कोइडोसिस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण यांत कमी डोसनेही कॅल्शियम वाढू शकते. निरोगी माणसाने उगाच दरवर्षी तपासणी करून घ्यायची गरज नाही. ऑटोइम्युन आजार असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा हाडे दुखत असतील तर जरूर करावी. रिपोर्टमध्ये २० नॅनोग्रॅमच्या वर आकडा असेल तर बहुतेकांच्या हाडांना तेवढा पुरतो. १२ च्या खाली असेल तर उपचार हवा. लॅबच्या कागदावर ३० च्या खालचे सगळे लाल अक्षरांत छापतात, त्याने घाबरून जाऊ नका.

राहिला प्रश्न हलालचा, जो आमच्याकडे नेहमी विचारला जातो. बहुतेक व्हिटॅमिन डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनवतात, त्यासाठी जनावर कापावे लागत नाही. दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेले डी-३ आणि यीस्ट किंवा मशरूमपासूनचे डी-२ सुद्धा मिळते. शंका असते ती मऊ कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल, कारण ते कुठल्या जनावराचे आहे हे पाकिटावर नेहमी लिहिलेले नसते. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की कॅप्सूल नको. तोच डोस पुडीत, चघळायच्या गोळीत किंवा प्यायच्या छोट्या बाटलीत मिळतो. जेवणात थोडे तेल-तूप असेल तेव्हा घेतले तर चांगले शोषले जाते, त्यामुळे रमजानमध्ये इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घेतले तरी चालते. आठवड्याच्या पुडीसाठी जुमा हा दिवस ठरवला तर लक्षात राहतो. घेतली की कॅलेंडरवर खूण करायची. आमच्या खालांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता अशा खुणा सून करते, आणि मेथोट्रेक्सेटच्या खुणा वेगळ्या रंगात.