जुन्या स्पीकरची जोडी

बारामती-इंदापूर पट्ट्यात स्पीकर म्हटलं की आधी आठवतात ते मांडववाल्याचे भोंगे आणि डीजेचे बेस-टॉप. वरात असो, जत्रा असो की साखर कारखान्याची निवडणूक, आवाज लांब गेला पाहिजे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. त्या गर्दीत चुकलेल्या माणसाचं नाव पुकारायला भोंग्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. चांगला भोंगा एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबलच्या पुढे जातो. घरगुती बंद खोक्याचा स्पीकर तेवढ्याच विजेवर ८५ च्या आसपास थांबतो. म्हणजे भोंग्याची बरोबरी करायची तर त्याला सुमारे तीसपट वीज पाजावी लागेल. पण घरगुती स्पीकरचं काम मुळात वेगळं आहे. आवाज लांब फेकण्यापेक्षा तो खोलीत खरा उभा करणं हे त्याचं काम.

असे स्पीकर आपल्याकडेही आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर किंवा डेक होता, त्यांच्या माळ्यावर शोधा. कोलकात्याचा सोनोडाइन, मुंबईचा कॉस्मिक, फिलिप्सचा संच, आणि कुणी परदेशातून आणलेली जेबीएलची किंवा अकूस्टिक रिसर्चची जोडी. फिलिप्सचा तर कारखानाच आपल्या वाटेवर होता, पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला. टीव्ही आला, मग सीडी आली, मग मोबाइल आला, आणि ही खोकी आधी कोपऱ्यात आणि नंतर माळ्यावर गेली. भंगारवाला ती लोहचुंबकासाठी वजनावर नेतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण घरातल्या सगळ्या जुन्या विजेच्या वस्तूंत घरच्या घरी पुन्हा उभी करता येईल अशी स्पीकरइतकी दुसरी नाही.

स्पीकरच्या आत कळेनासं असं काहीच नसतं. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी १९२५ साली जी रचना मांडली, तीच आजही चालते. चुंबकाच्या गोल फटीत तारेची कॉईल, कॉईलला चिकटवलेला कागदी कोन, कोन मध्यावर धरून ठेवणारा स्पायडर आणि कोनाच्या बाहेरच्या काठाला लवचिक कडा. कॉईलमधून गाण्याची वीज वाहिली की कोन पुढे-मागे हलतो आणि हवा हलवतो. वूफर, ट्वीटर आणि दोघांना आपापल्या वाट्याचा आवाज वाटून देणारं क्रॉसओव्हर सर्किट, एवढंच खोक्यात असतं. आत ना चिप, ना सॉफ्टवेअर. बिघाड डोळ्यांना दिसतो, नाहीतर बोटांना लागतो.

बहुतेक जुन्या जोड्यांत मेलेली असते ती कडा. सत्तरच्या दशकात अनेक कंपन्यांनी वूफरला पॉलियुरेथेन फोमची कडा लावायला सुरुवात केली. हलकी, मऊ, स्वस्त. पण हवेतला दमटपणा त्या फोमचे रासायनिक बंध हळूहळू तोडत जातो आणि उष्णता त्या कामाला वेग देते. पंधरा-वीस वर्षांत कडेचा भुगा होतो. स्पीकर वाजवला न वाजवला, सारखंच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. जाळी काढून कडेला बोट लावलं की काळा चिकट चुरा हाताला येतो आणि माणूस म्हणतो, ‘गेला स्पीकर.’ गेलेला नसतो. कोन, कॉईल, चुंबक बहुतेक वेळा ठणठणीत असतात.

ही कडा इतकी महत्त्वाची का, हे समजायला १९५४ सालात जावं लागतं. अमेरिकेत एडगर विलचर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली आणि एआर-१ नावाचा स्पीकर आणला. त्याआधी खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढं खोकं लागे. विलचरने खोकं छोटं आणि हवाबंद केलं, कोनाची कडा मुद्दाम सैल ठेवली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. कोन जितका सरकेल त्याच प्रमाणात ही हवा त्याला परत ढकलते, म्हणून खर्ज स्वच्छ येतो. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात खोकं आणि वूफर यांच्या नात्याचं गणितच लिहून काढलं. कोनाचं वजन, कडेचा ताठपणा, खोक्यातली हवा यांतलं एक बदललं की बाकीचं सगळं हलतं. फाटक्या कडेच्या स्पीकरमधली हवा पळते, स्प्रिंग जाते, कोन बेफाम हलतो आणि कॉईल फटीत घासून कायमची खराब होऊ शकते. म्हणून फाटका स्पीकर ‘थोडा वेळ लावून बघू’ म्हणून लावू नये.

हे गणित स्पीकर दुरुस्तीला टाकताना उपयोगी पडतं. गणपतीच्या हंगामात जळालेल्या डीजेच्या कॉईल बदलून देणारे मिस्त्री तालुक्याच्या गावी भेटतात, आणि त्यांच्या हातात खरी कला असते. पंधरा-अठरा इंची वूफरची जळकी कॉईल काढून नवी बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण रोज डीजेचा माल हाताळणाऱ्याला जाड, ताठ कोनाची सवय असते. घरगुती वूफर त्याच्याकडे तसाच टाकला तर तो पूर्ण कोन-कॉईल बदलून देईल. आवाज येईल, मोठाही येईल, पण त्या खोक्यासाठी ठरवलेला वूफर मात्र उरणार नाही. म्हणून त्याला स्पष्ट सांगायचं की कोन आणि कॉईल जुनीच ठेवा, फक्त कडा बदला. आणि दोन्ही स्पीकर आणून द्यायचे, एकच बिघडला असला तरी.

दोन्ही का, यातच या कामाचं मर्म आहे. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये स्टिरिओचं पेटंट दाखल केलं, आणि स्टिरिओत या यंत्राचं एकक ‘जोडी’ आहे. बैलजोडीत एक खोंड आणि एक थकलेला बैल जुंपला की जू तिरकं होतं, तसं इथे गाणं एका बाजूला कलतं. एका वूफरला नवी कडा आणि दुसऱ्याला जुनी, एका सर्किटला नवे कपॅसिटर आणि दुसऱ्याला जुनेच, असं कधी करू नये. दोन्ही वूफर सुरुवातीलाच मल्टिमीटरला लावून आकडे लिहून ठेवावेत. ८ ओहमचा वूफर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. दोघांत फार फरक असेल तर कुणीतरी आधी एकाची कॉईल बदलली आहे असं समजायचं.

कडा बदलणं टेबलावर होतं. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून, बोथट सुरीने, कोनाचा कागद न दुखावता काढायचा. याला तास जातात आणि जाऊ द्यावेत. कोनाच्या मधोमध असलेली टोपी धारदार पात्याने कडेकडेने सोडवली की कॉईलची नळी आणि तिच्या आतला लोखंडी खांब दिसतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही भागाएवढीच. त्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या चारी बाजूंनी सरकवायच्या, म्हणजे कॉईल अगदी मधोमध उभी राहते. मग नवी कडा आधी कोनाला आणि तो गोंद वाळल्यावर पत्र्याच्या चौकटीला चिकटवायची. झटपट चिकटणारा गोंद इथे नको, कारण कडा थोडी सरकवून बसवायला वेळ मिळाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून दोन्ही हातांची बोटं कोनावर समान टेकवून तो हलकेच आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. ‘खर्र’ असा बारीकही आवाज आला तर कॉईल घासते आहे, गोंद सोडवून पुन्हा. काही आलं नाही तर टोपी परत लावायची.

मग दीड व्होल्टचा साधा सेल. धन टोक लाल खुंटीला टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत, नाहीतर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत मात्र लालला धन लावल्यावर कोन आत जातो, तो दोष नव्हे. कंपनीची रीतच तशी होती.

क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकतात, किंमत सरकते आणि ट्वीटर मंद होतो. नवे फिल्म कपॅसिटर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात. फिल्मचा अंतर्गत विरोध कमी असल्यामुळे ट्वीटर एकदम टोचू लागतो. अशा वेळी मालिकेत छोटा रेझिस्टर घालावा, कंपनीला शिव्या घालू नयेत. ट्वीटरच्या फटीत चुंबकी द्रव असेल तर तोही घट्ट झालेला असतो, टिपकागदाने टिपून नवा भरावा लागतो. खोक्यातली काचलोकर जेवढी होती तेवढीच परत भरावी. खोक्याच्या लाकडाला वाळवी आणि ओल या दोनच गोष्टींपासून जपायचं. भुशाच्या फळीचं खोकं एकदा पाण्याने फुगलं की ते सुधारत नाही, हे मान्य करावं.

जोडी जुळली की नाही हे ओळखायला मोनो ध्वनिमुद्रण लावावं. व्यापारी स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास आल्या, त्याआधीचं बहुतेक सगळं मोनो. बालगंधर्वांची ७८ ची कुठलीही तबकडी घ्या, तिची प्रत मोबाइलवर असली तरी चालेल. दोन्ही स्पीकरना सारखाच आवाज जातो, म्हणून गाणारा दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध, रिकाम्या भिंतीपाशी उभा राहिला पाहिजे. आवाज डावी-उजवीकडे सरकला तर कपॅसिटर तपासा. मधे न थांबता सगळीकडे पसरला तर एका बाजूच्या तारा उलट्या आहेत.

कामाअखेरीस एक वाद नेहमी निघतो, की फोम पुन्हा सडणारच, तर रबराची कडा का लावू नये? रबर टिकतं हे खरं. पण ते जड आणि बरेचदा ताठ असतं, त्याने कोनाचं हलणं बदलतं आणि थील-स्मॉलचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. ज्या वूफरला कंपनीने रबर दिलं त्याला रबर, ज्याला फोम दिला त्याला फोम, याच मताचा मी आहे. पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी हे खोकं पुन्हा उघडेल हे धरूनच चालायचं. म्हणून कडेचं माप, गोंदाचं नाव, दोन्ही वूफरचे ओहम आणि तारीख एका कागदावर लिहून तो खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवावा. जुने कपॅसिटरही तिथेच पिशवीत बांधून ठेवावेत, कारण त्यांच्यावरची छापील किंमत हाच मूळ सर्किटचा पुरावा असतो.