सीटी ‘नॉर्मल’ आला, तरी पक्षाघात असू शकतो!

पेठहून सावळघाट ओलांडून नाशिक गाठायचं म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. पक्षाघाताच्या रुग्णासाठी हा सगळा वेळ मोलाचा, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

तिथल्या रुग्णालयात पोचल्यावर आधी सीटी स्कॅन का? मेंदूतला ताजा रक्तस्राव सीटीत काही मिनिटांत पांढरा दिसतो आणि रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन देता येत नाही. गुठळीमुळे झालेलं नुकसान मात्र पहिल्या काही तासांत सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ३५६ रुग्णांच्या अभ्यासात एमआरआयने तीव्र पक्षाघात ८३ टक्के वेळा ओळखला, साध्या सीटीने फक्त २६ टक्के! अर्थात एमआरआयही क्वचित चुकतो, विशेषतः मेंदूच्या मागच्या भागात. म्हणून निदान फक्त फिल्मवर नाही, लक्षणांसकट होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन करा. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.